फुलं परदेशी, उकिरडा घरचा

मराठीत ज्या शब्दांच्या वाट्याला फुकटची बदनामी आली त्यांत 'उकिरडा' बराच वर असेल. पसारा दिसला की 'काय उकिरडा करून ठेवलाय!' आणि एखादं लिखाण आवडलं नाही की ते उकिरड्यावर फेकायच्या लायकीचं. बारा वर्षांनी का होईना, उकिरड्याचीही दैना फिटते अशी एक म्हण आहे खरी, पण ती कशी फिटते हे काही ती म्हण सांगत नाही. आज मी सांगते. विषय तसा फुलबागेचा आहे, रासायनिक खतं न घालता केलेल्या घरच्या फुलबागेचा. पण तिचा इतिहास शोधायला निघालं की थोड्याच वेळात आपण पदर नाकाला लावून उकिरड्यापाशी उभे असतो, त्याला माझा इलाज नाही.

ज्यांनी लाखनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडंसं. नागपूरहून भंडारा आणि पुढे साकोलीकडे जाताना, साधारण ऐंशी किलोमीटरवर, महामार्गालाच चिकटून हे तालुक्याचं गाव लागतं. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता त्याला ५३ म्हणतात. सगळा मुलूख धानाचा आणि तलावांचा. पावसाळ्यात चिखल भरपूर, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास. जुन्या घरांची रचना ठरलेली असायची : पुढे अंगण, मागे सांदवाडी. अंगणात तुळस आणि देवाची फुलं. सांदवाडीत विहीर, वांगी, वालाचा वेल, कडेला कोठा (पुण्याच्या भाचरांनो, कोठा म्हणजे गोठा) आणि सगळ्यात मागे, कुंपणाला लागून, उकिरडा.

आता अंगणातली फुलं आठवा. झेंडू, गुलबक्षी, सदाफुली, पांढरा चाफा, शेवंती, गुलछडी, मोगरा, पारिजातक, कण्हेर. यातले आपले किती? मोगरा, पारिजातक, कण्हेर यांचं वास्तव्य जुनं आहे. पण झेंडू मेक्सिकोचा! सोळाव्या शतकात युरोपी गलबतं अमेरिकेला जाऊन पोचल्यानंतरच तो इकडे येऊ शकला. म्हणजे शिवाजीमहाराजांच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनी दसरा झेंडूशिवाय केला असणार. गुलछडीही मेक्सिकोची. देवळाच्या आवारात शंभर वर्षांचा वाटावा असा उभा असणारा पांढरा चाफा मध्य अमेरिकेतला. गुलबक्षीही अमेरिकेतलीच, सदाफुली मादागास्करची, शेवंती चीनची. बोगनवेल ब्राझीलची, पण तिचं नाव घेतल्यावर निदान कुणाला ती आपली वाटत तरी नाही.

हे मी कुणाला खिजवायला सांगत नाहीये. झेंडूचं तोरण माझ्याही दाराला लागतं. सांगायचं ते असं की 'पारंपरिक बाग' म्हणताना आपण फुलांची नावं घेतो, आणि फुलं तर जगभरून येऊन इथे रुजली. त्यांना रुजवून घेणारी गोष्ट घरची होती. ती मात्र आपण गेल्या पन्नास वर्षांत घराबाहेर काढली.

भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी मातीला नेमकी नावं दिली आहेत. कन्हार म्हणजे काळी, भारी. बर्डी म्हणजे उंचावरची मुरमाड, हलकी. मधल्या दर्जाच्या मोरांड आणि सिहार. घरं बहुतेक उंचवट्यावर, म्हणजे हलक्या जमिनीवर, कारण चांगल्या जमिनीवर घर बांधायला कोण तयार होईल! तेव्हा अंगणातली माती मुळात फुलांसाठी फारशी दिलदार नव्हतीच. तिला दिलदार केलं उकिरड्यानं.

त्याची रीत साधी होती. सकाळी कोठा झाडायचा. शेण आणि मुतानं भिजलेली तणीस उकिरड्यावर. चुलीतली राख उकिरड्यावर. अंगणाची झाडलोट, भाजीची देठं, निंबाचा पाला, सगळं तिथेच. वर्षभर हे साठत, कुजत राहायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर बंड्या भरून शेतावर जायचं. त्यातली चार घमेली अंगणातल्या आळ्यांसाठी मागे राहायची. आजीच्या पिढीला नत्र-स्फुरद-पालाश हे शब्द माहीत नव्हते, पण नुसती तणीस मातीत पुरली तर रोप पिवळं पडतं हे माहीत होतं. त्याचं कारण आज पुस्तकात मिळतं. धानाच्या तणसात कार्बन फार आणि नत्र अगदी थोडं. मातीतले जिवाणू तणीस खायला बसतात, त्यांना नत्र कमी पडतं, मग ते रोपाच्या तोंडचं ओढून घेतात. तीच तणीस आधी जनावराखाली घाला, तिला शेण-मूत मिळू द्या, कुजू द्या, की तेच खत.

आता इथे थांबून 'गेले ते सोन्याचे दिवस' असा सूर लावायचा मोह होतो. तो आवरायला हवा. कारण सगळं शेण उकिरड्यावर जात नव्हतं. बरंचसं गोवऱ्या होऊन चुलीत जात होतं. इंग्रज सरकारनं भारतीय शेती पाहायला पाठवलेल्या व्होल्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८९३ सालच्या अहवालात हेच नोंदवलं. शेतकऱ्याला शेणाची किंमत कळत नाही म्हणून तो जाळतो असं नाही, सरपण मिळत नाही म्हणून जाळतो, तेव्हा आधी सरपणाची झाडं लावा, असं त्याचं म्हणणं.

आणि त्याच्याही दहा वर्षं आधी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. या पुस्तकाबद्दल बोलताना भटशाही आणि सावकारी एवढंच सांगितलं जातं. पण खताबद्दल त्यात फार बारकाईनं लिहिलेलं आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडेमुंग्या, जनावरांचं मलमूत्र पावसाच्या पाण्याबरोबर वाहत येऊन शेतांना आयतं खत मिळायचं. जंगलखात्यानं राने बंद केली, चराई गेली, जनावरं कमी झाली, खत आटलं. आणि वाहून जाणारा हा कस अडवायला ठिकठिकाणी बांध घाला, तलावतळी दुरुस्त करा, असा उपायही जोतीराव सांगतात. ज्या घराण्याला फुलांच्या व्यवसायावरून 'फुले' हे नाव पडलं, त्या घरातला माणूस खताचं इतकं नेमकं लिहितो, यात मला तरी नवल वाटत नाही. फुलं पिकवणाऱ्याला माती कळावीच लागते.

त्यांचं तलावांबद्दलचं म्हणणं तर आपल्या भागात डोळ्यांसमोर दिसतं. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव, कोहळी समाजानं बांधलेले. उन्हाळ्यात तलाव उतरला की तळाचा गाळ काढून शेतात टाकायचा. तलाव खोल राही आणि जमिनीला वरच्या रानाचा कस मिळे. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारीबद्दल मला काडीचं प्रेम नाही, ती जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर गाळ काढायची रीतही ढिली पडली आणि तलाव उथळ होत गेले.

असो. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते. ती घडली इंदूरला.

अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथे सरकारी नोकरीत आले. पिकांची सुधारणा आणि नवे वाण तयार करणं हे त्यांचं काम. पण आजूबाजूच्या शेतकऱ्यांची पिकं कुठलंही औषध न मारता बऱ्यापैकी निरोगी कशी, या प्रश्नानं त्यांना पकडलं. मग शेतकरी आणि किडी हेच आपले प्राध्यापक, असं त्यांनी ठरवून टाकलं. साहेबाच्या तोंडून हे त्या काळात येणं मोठंच म्हणायचं. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि सगळं संशोधन दोघांचं मिळून होतं. १९२४ साली दोघं इंदूरला आली. होळकरांनी दिलेल्या सुमारे तीनशे एकर जमिनीवर नवी संस्था उभी राहिली. तिचं मूळ काम कापसाचं. खताचा उद्योग त्या कामातूनच निघाला, कारण जमिनीत जीव नसेल तर कापसाचं सुधारलेलं वाण देऊन तरी काय उपयोग?

तिथे जे तयार झालं ते 'इंदूर पद्धतीचं कंपोस्ट'. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्डे. त्यात कापसाच्या पऱ्हाट्या, तण, पाला, कडबा यांचे थर, मध्ये शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती आणि राख. पाणी बेताचं. मग ठरलेल्या दिवसांनी तीनदा उलथापालथ आणि तीन महिन्यांत खत तयार. सुरुवातीला तीस-तेहेतीस भाग कार्बनाला एक भाग नत्र असं मिश्रण जमलं पाहिजे, कुजून झाल्यावर ते दहाला एकच्या आसपास येतं, हे त्यांनी मोजून ठरवलं. चीनमधली शेतकऱ्यांची रीतही त्यांच्यासमोर होती, किंग नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाच्या १९११ सालच्या पुस्तकातून.

तुमच्या लक्षात आलं असेल, हा आपला उकिरडाच! फक्त त्याला हवा मिळेल, ओल राहील आणि वर्षाचं काम तीन महिन्यांत होईल अशी व्यवस्था लावलेली.

हे सगळं १९३१ साली ऑक्सफर्डनं छापलेल्या पुस्तकात आलं. इंटरनेटवर ते सहज वाचायला मिळतं. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. संस्थेतलं रसायनशास्त्राचं काम वाड पाहत. म्हणजे हा कार्बन, हे नत्र, कुठल्या दिवशी किती उरलं, ही सगळी मोजदाद त्यांच्या प्रयोगशाळेतली. पुस्तक निघालं त्याच वर्षी हॉवर्ड इंदूर सोडून गेले. गॅब्रिएल त्याआधीच, १९३० साली वारल्या होत्या. वाड मात्र मागे राहून काम करत होते. १९३४ साली जॅक्सन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी वस्तीतल्या मैल्याचं आणि कचऱ्याचं याच पद्धतीनं खत कसं करावं यावर पुस्तिका लिहिली.

पुढे हॉवर्ड सर झाले. त्यांचं १९४० सालचं पुस्तक जगभर गेलं. ते विचार वाचून पेनसिल्व्हेनियातल्या रोडेल नावाच्या प्रकाशकानं १९४२ साली मासिक काढलं आणि 'ऑरगॅनिक' हा शब्द अमेरिकेतल्या घराघरांतल्या बागांपर्यंत पोचला. तोच शब्द फिरून आता नागपूरच्या नर्सरीत, हिरव्या पिशवीवर छापून, आपल्याला विकत मिळतो. हॉवर्ड यांचं नाव या विषयावरच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर असतं. वाड यांचं क्वचितच कुठे दिसतं. हॉवर्डसाहेबांनी स्वतः ते लपवलं नाही, मुखपृष्ठावर छापलं. ते गाळलं नंतरच्या लोकांनी, आणि त्यात आपणही आलो. सेंद्रिय शेतीवरची किती मराठी पुस्तकं मी चाळली, वाडांवर चार ओळीही सापडल्या नाहीत. एखाद्या वाचकाला, विशेषतः इंदूरकडच्या मंडळींना, त्यांच्याबद्दल अधिक माहिती असेल तर जरूर कळवा.

त्या काळात हा विषय मागे पडलेला नव्हता. १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेले, तेव्हा ही संस्था पाहून आले आणि 'हरिजन'मधून या खताबद्दल लिहिलं गेलं. वर्ध्याला मगनवाडी आणि पुढे सेवाग्राम इथे खड्डे झाले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी तर कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडासाच्या मैल्याचं 'सोनखत' करून दाखवलं आणि ते करताना जातीच्या घाणीलाही हात घातला. खताचा खड्डा कुणी उपसायचा हा प्रश्न आपल्याकडे कधीच नुसता शेतीचा नव्हता. आजीच्या घरचा उकिरडा कोण उपसत होतं, हे आपल्या घराण्यातल्या जुन्या मंडळींनी आठवून पाहावं. आजीनं नाही उपसला.

मग सिंद्री आली, १९५१ साली. साठच्या दशकात तुर्भ्याचा कारखाना आला. युरियाचं पांढरं पोतं घरोघर दिसू लागलं. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. ज्यांनी दुष्काळ पाहिला, परदेशी गव्हाची वाट पाहिली, त्यांना ते पोतं देवासारखं वाटलं तर त्यांचं काय चुकलं? धानाला तो दिला की आठ दिवसांत शेत काळंभोर हिरवं दिसायचं. मग मूठभर गुलाबालाही टाकला जाई. गुलाबही तरारायचा, लुसलुशीत पानं यायची आणि त्या पानांवर मावा यायचा. मग माव्याला पावडर. एका डब्यातून दुसरा डबा निघत गेला. त्यात ट्रॅक्टर आला, बैल गेले, गॅस आला, चूल गेली. म्हणजे शेण गेलं, राख गेली, तणीस खायला जनावर उरलं नाही. उकिरड्यावर टाकायचं तेच संपलं, आणि जे उरलं ते प्लॅस्टिक. 'उकिरडा' ही शिवी खऱ्या अर्थानं तेव्हा झाली.

ही साखळी पुन्हा जोडायचे प्रयत्नही इथलेच, मराठी माणसांचेच. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. गच्चीवर, पोत्यात, डब्यात, पालापाचोळ्याची माती करून काय काय पिकतं हे सामान्य माणसांना स्वतः करून बघायला लावलं. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' मिळालं तर जरूर वाचा. अमरावतीकडच्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत तर आता गावोगाव माहीत आहे : दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, दोनशे लिटर पाणी. माझं मत विचाराल तर जीवामृतानं मातीतली हालचाल वाढते, पण मातीत खायलाच काही नसेल तर नुसती हालचाल वाढून काय होणार? आधी पाचोळा, मग जीवामृत.

आता घरच्या विषयाकडे. परवा नात्यातल्या ग्रुपवर लाखनीच्या घराच्या अंगणात गट्टू बसवायची चर्चा सुरू झाली. बाजू दोन्हीकडच्या खऱ्या आहेत. पावसाळ्यात चिखल होतो, काकू आता पंच्याहत्तरीच्या, पाय घसरला तर काय, विंचूकाटा निघतो, आणि वर्षातले दहा महिने झाडायला माणूस नाही. हे सगळं मान्य. म्हणून माझं म्हणणं एवढंच : फाटकापासून ओसरीपर्यंत चालायच्या वाटेवर गट्टू घाला, दोन्ही कडांनी अडीच-तीन फूट माती मोकळी ठेवा आणि सांदवाडीचा मागचा कोपरा खड्ड्यासाठी राखा. एकदा सिमेंट पडलं की त्याखालची माती मेली. ती परत जिवंत करायला चार-सहा वर्षं लागतात, आणि तोवर फुलं काय, गवतही धड येत नाही.

खड्डा मोठा नको. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. याहून लहान केला तर आत ऊब धरत नाही. खड्डा तापला पाहिजे, हात घातला तर चटका बसेल इतका, तरच तणांचं बी मरतं. वीतभर पाला आणि तणीस, त्यावर चार बोटं शेण, त्यावर मातीचा आणि असेल तर राखेचा शिडकावा, असे थर. शेण शेजारच्या गवळ्याकडून मिळतं, अजून तरी. पाणी इतकंच की मुठीत दाबलं तर थेंब निघावा, धार लागू नये. पावसाळ्यात वर आडोसा हवाच, नाहीतर सगळा कस शेजाऱ्याच्या विहिरीत.

फुलांचं म्हणाल तर लाखनीच्या उन्हाळ्यात गुलाबाचे लाड करण्यापेक्षा मोगरा, कण्हेर, पारिजातक, चाफा बरे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येणार हे धरूनच चाला. त्याला लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, जराशा साबणाबरोबर फवारायची. निंब दारात असताना डबा आणायचं कारण नाही. आणि मध्ये मध्ये झेंडू लावाच. त्याच्या मुळांतून मातीतल्या सूत्रकृमींना मारणारं द्रव्य सुटतं. हा मेक्सिकोचा पाहुणा फुकट राहत नाही, भाडं भरतो.

खड्ड्याचं वेळापत्रक मात्र मी वाड-हॉवर्ड यांच्या तक्त्यावरून आपल्या सणांना जुळवून पाहिलं आणि ते गमतीशीर बसलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तोरणं उतरली की झेंडू, आंब्याची पानं आणि नवरात्रातलं निर्माल्य घालून खड्डा भरायचा. पहिली उलथापालथ दिवाळीला. दुसरी त्रिपुरी पौर्णिमेला. तिसरी चंपाषष्ठीला. संक्रांतीच्या आसपास काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास येणारं खत तयार. नेमकी तेव्हाच मोगऱ्याची छाटणी असते. छाटलेल्या मोगऱ्याच्या आळ्यात दोन-दोन घमेली घालायची, पाणी द्यायचं, आणि पाडव्याला येणाऱ्यांनी ओंजळ मोकळी ठेवून यायचं.